‘बूथ’ : घडीभराच्या निवाऱ्याची मोठी गोष्ट

भातकापणी आटोपली की देवरूख परिसरातील घरांसमोर एक नेहमीचे दृश्य दिसू लागते. पावसाळाभर शेवाळलेले अंगण खरवडले जाते, चोपले जाते, शेणाने सारवले जाते आणि त्याचे खळे होते. कडेने खांब रोवले जातात, त्यांवर बांबू आडवे बांधले जातात आणि वर माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे, म्हणजेच झापांचे, छप्पर चढते. हा मांडव. त्याच्या सावलीत दाणे वाळतात, पाहुणे बसतात, लग्नाच्या पंगती उठतात. मे महिन्याच्या अखेरीस पावसाळ्याची बेगमी सुरू झाली की तो उतरवला जातो. सह्याद्रीच्या पायथ्याशी, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या भागात झापांच्या मांडवाचे आयुष्य तेवढेच. अलीकडे झापांची जागा ताडपत्रीने, हिरव्या जाळीने किंवा पत्र्याने घेतली. पण शब्द मात्र मांडव हाच राहिला.

याच गावांत काही वर्षांच्या अंतराने आणखी एक शब्द दिवसभर प्रत्येकाच्या तोंडी असतो. ७ मे २०२४ रोजी रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघात मतदान झाले, त्या दिवशीही तो होता. ‘आपला बूथ कुठला?’ हा प्रश्न शिकलेला माणूस जसा विचारतो, तशी शेतावरची म्हातारीही विचारते. सरकारी कागदावर ‘मतदान केंद्र’ असे शब्द असतात. बोलण्यात मात्र ‘बूथ’. तो आता परका राहिलेला नाही. परंतु ज्या जागेला हा शब्द लावला जातो ती बहुतेक वेळा शाळेची पक्क्या भिंतींची आणि मजबूत छपराची खोली असते. इंग्रजी शब्दकोशात ‘बूथ’चा जुना अर्थ आहे तो नेमका याच्या उलट : फांद्या, फळ्या किंवा कापड यांचा केलेला तात्पुरता निवारा. म्हणजे मूळ अर्थाने बूथ म्हणावे असे काही असेल, तर ते शाळेची खोली नव्हे, तर घरासमोरचा मांडव होय. शब्दाचा हा उलटा प्रवास कसा घडला, हे पाहण्यासारखे आहे.

‘बूथ’ हा शब्द इंग्रजीत असला तरी त्याचे माहेर इंग्लंड नाही. आठव्या शतकाच्या अखेरीपासून स्कँडिनेव्हियातील व्हायकिंग लोक इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागांत प्रथम लुटीसाठी आले आणि मग तेथेच वस्ती करून राहिले. त्यांच्या नॉर्स भाषेत ‘बूआ’ या क्रियापदाचा अर्थ राहणे, वस्ती करणे असा होता. त्यापासून तात्पुरत्या वस्तीच्या जागेला ‘बूथ’शी मिळताजुळता शब्द तयार झाला आणि वसाहतकऱ्यांबरोबर तो इंग्रजीत रुजला. याच क्रियापदाची मुले इंग्रजीत जागोजागी आढळतात. ‘हजबंड’ म्हणजे मुळात घर धरून राहणारा गृहस्थ. पती हा अर्थ नंतरचा. ‘डर्बी’, ‘व्हिटबी’ या गावांच्या नावांतील ‘बी’ म्हणजे वस्ती. ‘नेबर’ या अस्सल इंग्रजी शब्दाचा अर्थ जवळ राहणारा, आणि त्याचे मूळही तेच. दक्षिण आफ्रिकेतील ज्या डच वंशाच्या शेतकऱ्यांशी ब्रिटिशांनी १८९९ ते १९०२ या काळात युद्ध केले, त्या ‘बोअर’ लोकांचे नावही याच कुळातले.

भाषाशास्त्रज्ञ आणखी मागे जातात तेव्हा मराठी वाचकाला ओळखीचा दरवाजा दिसतो. नॉर्स ‘बूआ’, इंग्रजी ‘बी’ म्हणजे असणे आणि संस्कृत ‘भू’ हा धातू यांचा उगम एकाच प्राचीन मूळ धातूत आहे. होणे, वाढणे, असणे असा त्याचा अर्थ. ‘भवति’, ‘भूत’, ‘भाव’, ‘भूमी’ आणि ‘भवन’ ही सारी त्याची संस्कृतातील संतती. याचा अर्थ ‘बूथ’ हा ‘भवन’चा अपभ्रंश आहे असा मुळीच नाही, अशा ओढून-ताणून जुळवलेल्या व्युत्पत्तींनी भाषेचे भले होत नाही. दोन्ही शब्द वेगवेगळ्या वाटांनी आले. पण त्यांचा पूर्वज एक. एका शाखेत माणसाच्या ‘असण्या’तून भव्य भवन उभे राहिले, दुसऱ्या शाखेत चार काठ्यांची खोपी.

‘टेंट’ या दुसऱ्या इंग्रजी शब्दाशी तुलना केली म्हणजे ‘बूथ’चे वेगळेपण उठून दिसते. ‘टेंट’चे मूळ लॅटिनमधील ताणणे या अर्थाच्या क्रियापदात आहे आणि संस्कृत ‘तन्’ धातूशी, म्हणजेच ‘तंतू’ आणि ‘तान’ यांच्याशी, त्याचे नाते आहे. तंबू कसा उभारतात, हे ते नाव सांगते. ‘बूथ’ हे नाव मात्र उभारणीबद्दल काहीच सांगत नाही. ते केवळ एवढेच सांगते, की येथे कोणीतरी राहते.

या राहण्याचा एक जुना नमुना आइसलँडमध्ये आहे. तेथे इसवी सन ९३० मध्ये ‘आल्थिंग’ ही लोकसभा स्थापन झाली. दरवर्षी उन्हाळ्यात सुमारे दोन आठवडे देशभरचे सरदार, शेतकरी आणि व्यापारी थिंगव्हेलिरच्या माळावर जमत. तेथे त्यांनी दगड आणि गवताळ मातीच्या ढेपांच्या बुटक्या भिंती बांधून ठेवलेल्या असत. सभा भरली की त्या भिंतींवर लोकरी कापडाचे छप्पर ताणायचे आणि सभा संपली की ते गुंडाळून घरी न्यायचे. वर्षभर उघड्या आणि पंधरवडाभर नांदत्या राहणाऱ्या या निवाऱ्यांना ‘बूथ’च म्हणत. त्यांचे अवशेष आजही पाहायला मिळतात. लोकसभा आणि बूथ यांची संगत इतकी जुनी आहे. आजच्या आइसलँडिक भाषेत मात्र त्याच शब्दाचा अर्थ ‘दुकान’ असा झाला आहे.

इंग्लंडमध्येही शब्द त्याच वळणाने गेला. जत्रेत आणि बाजारात विक्रेते, खेळ करणारे लोक फळ्या आणि कापडाचे जे आडोसे उभारत, ते बूथ. मकरसंक्रांतीला देवरूखजवळच्या मार्लेश्वर येथे मार्लेश्वर आणि गिरिजादेवी यांचा विवाहसोहळा होतो. अशा यात्रांत खेळणी, मिठाई, बांगड्या विकणाऱ्यांच्या ज्या रांगा लागतात, त्यांना मराठीत ‘पाल’ म्हणतात. मध्ययुगीन इंग्रजाने तिकडे पाहिले असते तर त्याला ‘बूथ’ हाच शब्द सुचला असता. उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागात गुराख्याच्या झोपडीला आणि गोठ्यालाही हाच शब्द होता, आणि तेथे राहणाऱ्यांचे आडनाव ‘बूथ’ पडले. १८६५ मध्ये लंडनमध्ये गरिबांसाठी काम सुरू करून पुढे ‘मुक्तिफौज’ उभी करणारे विल्यम बूथ यांचे आडनाव त्याच वर्गातले. त्यांची मुक्तिफौज १८८२ मध्ये मुंबईत आली. बेघरांना आसरा देणाऱ्या संस्थेच्या संस्थापकाचे आडनावच ‘खोपीवाला’ असावे, हा योगायोग मोठा बोलका आहे.

इंग्रजी बायबलने या शब्दाला आणखी एक छटा दिली. इजिप्तमधून सुटका झाल्यावर ज्यूंचे पूर्वज वाळवंटात भटकत असताना ज्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिले, त्यांच्या स्मरणार्थ ज्यू लोक शरद ऋतूत, सुगीच्या दिवसांत सात दिवसांचा ‘सुक्कोथ’ हा सण पाळतात. इंग्रजीत तो ‘बूथांचा सण’ झाला. बायबलच्या मराठी भाषांतरात त्याला ‘मांडवांचा सण’ म्हटले आहे. भाषांतरकारांनी येथे तंबू, झोपडी, छावणी असा कोणताही शब्द न घेता ‘मांडव’ निवडला, यात त्यांचे भाषेचे भान दिसते. या सणाच्या मांडवाचा नियम असा, की छप्पर तोडलेल्या फांद्या-पानांचे असावे आणि त्यातून आकाशातील तारे दिसावेत. पक्के छप्पर घातले तर मांडव सणासाठी चालत नाही. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या आणि मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजात हा मांडव माडाच्या झावळ्यांनी सजला. तात्पुरतेपणा ही उणीव नसून तोच या निवाऱ्याचा अर्थ आहे, असे सांगणारा हा सण आहे. माणसाचे घर कितीही पक्के असले तरी तो एकेकाळी उघड्यावर होता, याचा विसर पडू नये, हा त्यामागचा हेतू.

मराठीत निवाऱ्याला तीन शब्द आहेत आणि तिन्हींत फरक आहे. ऊन-पावसाचे निवारण करतो तो ‘निवारा’. ज्याच्या आश्रयाने माणूस टिकून राहतो तो ‘आसरा’. आणि दुसऱ्याच्या नजरेआड करतो तो ‘आडोसा’. जत्रेतील बूथ हा निवारा होता, वाळवंटातील बूथ हा आसरा. आधुनिक काळात त्या शब्दाने तिसरा अर्थ धारण केला आणि बूथ आडोसा झाला. टेलिफोन बूथ हे त्याचे सर्वांना आठवणारे रूप. १९८० च्या दशकाअखेरीपासून गावोगावी पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ बूथ उघडले. काचेचे दार ओढून घेतले की आतल्या माणसाला त्याचे बोलणे खासगी वाटे, भले मग बाहेरच्या रांगेला सारे ऐकू जात असेना. मुंबईला गेलेल्या चाकरमान्याची ख्यालीखुशाली कोकणातील कितीतरी घरांना अशाच बूथमधून कळली. मोबाइल आले आणि ते बूथ गेले. राहण्यासाठी जन्मलेला शब्द उभे राहण्यापुरता उरला होता, आता तीही जागा गेली.

आडोशाचा सर्वांत मोठा उपयोग मात्र मतदानात झाला. इंग्लंडमध्ये १८७२ पर्यंत मतदान उघड होत असे. लाकडी मंचासमोर मतदार येई आणि सर्वांदेखत आपले मत सांगे. या मंचाला ‘हस्टिंग्ज’ म्हणत, आणि गंमत म्हणजे तोही नॉर्स भाषेतूनच आलेला शब्द आहे. घरमालक, जमीनदार, सावकार समोर उभे असताना कुळाने काय मत द्यावे हे वेगळे सांगायला नको. १८७२ च्या कायद्याने गुप्त मतदान आणले आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला पाँटिफ्रॅक्ट येथील पोटनिवडणुकीत ते प्रथम वापरले गेले. तेथील मतपेटीला लावलेली मोहोर गावात बनणाऱ्या ज्येष्ठमधाच्या वड्यांवरील शिक्क्याची होती. मंच गेला, बूथ आला. पूर्वी मतदार सर्वांसमोर उभा राहून बोलत होता, आता तो आडोशाला जाऊन खूण करू लागला. चार फळ्यांच्या आडोशाने जे स्वातंत्र्य दिले, ते मोठमोठ्या भाषणांनी दिले नव्हते.

भारतात १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी चिन्ह लावलेली स्वतंत्र मतपेटी होती. या पेट्या आडोशाच्या आत ठेवलेल्या असत आणि मतदार आत जाऊन आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकी. आता तेथे मतदान यंत्र असते आणि भोवती पुठ्ठ्याचा उभा आडोसा. खऱ्या अर्थाने बूथ तो तेवढाच. पण बोलण्यात शब्द पसरला आणि आधी खोलीला, मग त्या खोलीशी जोडलेल्या मतदारयादीला, पुढे पक्षांच्या कार्यकर्त्यांच्या जाळ्यालाही ‘बूथ’ हेच नाव मिळाले. मतदान केंद्राबाहेर उमेदवारांची माणसे छत्री किंवा ताडपत्रीखाली एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडून बसतात, त्यालाही बूथच म्हणतात. ही मांडामांड केंद्रापासून २०० मीटर दूर असावी, असा दीर्घकाळ नियम होता. २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने हे अंतर १०० मीटर केले. लोकांच्या तोंडचा शब्द कायद्यातही शिरला. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ यात १९८९ मध्ये कलम १३५-अ घालण्यात आले, त्याचा विषय ‘बूथ कॅप्चरिंग’, म्हणजे मतदान केंद्र बळकावणे, हा आहे. केंद्र ताब्यात घेणे, मतदारांना धमकावून रोखणे हे त्यात मोडते, आणि सरकारी नोकराने तसे केल्यास शिक्षा अधिक कडक आहे. ज्याला कायद्याने असे संरक्षण द्यावे लागते तो आडोसा क्षुल्लक नसतो.

येथेच शब्दाच्या जुन्या अर्थाची पुन्हा गाठ पडते. मतदाराचे नाव कोणत्या बूथच्या यादीत असावे हे तो कोठे राहतो यावर ठरते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० मधील शब्द आहेत, ‘सर्वसाधारणपणे रहिवासी’. म्हणजे ‘राहणे’ या क्रियापदापासून निघालेला बूथ हजार वर्षांचा फेरा घालून पुन्हा त्याच क्रियापदापाशी येतो. मग जे एके जागी राहत नाहीत त्यांचे काय?

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. बीड, अहिल्यानगर, नाशिक या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे दरवर्षी पाच-सहा महिने साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात. उसाचे पाचट आणि बांबू यांची जी झोपडी ते शेताकडेला उभी करतात, तिला ‘कोपी’ म्हणतात. कोकणातील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, तेथेही अशाच खोप्या. शिवाय पालांत राहणारे भटके समाज आहेतच. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण इतरांना गमतीची वाटते, त्यांच्या दृष्टीने ती दिनचर्या असते. देवरूखच्या घरासमोरील मांडव सहा महिन्यांचा असला तरी त्याच्या मागे पक्के घर असते. कोपीच्या मागे घर नसते; ते शेकडो किलोमीटर दूर असते. दोन्ही निवारे तात्पुरतेच. पण एक सोयीचा आणि दुसरा नाइलाजाचा.

कायदा अशा माणसाला विसरलेला नाही. राहत्या ठिकाणाहून तात्पुरते दूर गेल्याने कोणाचे तेथील रहिवासीपण संपत नाही, असे १९५० च्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे ऊसतोड कामगाराचे नाव त्याच्या गावच्या यादीत राहते. मात्र मत देण्यासाठी त्याला तेथवर जावे लागते. प्रवासाचा खर्च आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब कायदा करत नाही. स्थलांतरितांना आहे तेथूनच मत देता यावे, यासाठी निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली होती, परंतु अनेक पक्षांनी तिच्याबद्दल शंका घेतल्या. मुंबईतून खास गाड्या करून मतदानाला गावी येणारे चाकरमानी कोकणाला परिचित आहेत. प्रत्येकाला अशी गाडी मिळत नाही.

ज्याला गावीही घर नाही, त्याच्यासाठी आयोगाची एक तरतूद फारशी चर्चिली जात नाही. बेघर माणसाने मतदारयादीत नावासाठी अर्ज केला, तर त्याच्याकडे पत्त्याचा कागद मागितला जात नाही. संबंधित केंद्राचा अधिकारी, ज्याला इंग्रजीत ‘बूथ लेव्हल ऑफिसर’ म्हणतात, रात्रीच्या वेळी सांगितलेल्या जागी जाऊन पाहतो. तो माणूस तेथे खरोखर झोपतो याची एकाहून अधिक रात्री खात्री पटली, की तेवढा पुरावा पुरतो. पुलाखालचा कोपरा असो की दुकानाची पायरी, जेथे पाठ टेकते तेच त्याचे राहणे. नॉर्स खलाशांनी ज्या अर्थाने हा शब्द इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरवला, त्या अर्थाच्या इतका जवळ तो आज दुसरीकडे कोठे येत नसेल.

तात्पुरत्या निवाऱ्याला मराठीने मोठा मान दिला आहे. लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब शुभवेळ पाहून रोवतात, त्याला ‘मुहूर्तमेढ’ म्हणतात. मांडव चार दिवसांत उतरतो. पण दीर्घकाळ टिकावे असे काही सुरू करायचे असले की मराठी माणूस मुहूर्तमेढच रोवतो. देवरूखला १९५४ मध्ये इंदिराबाई हळबे यांनी ‘मातृमंदिर’ या संस्थेची मुहूर्तमेढ रोवली असेच लिहिले जाते. तिची कोनशिला बसवली असे कोणी म्हणत नाही. टिकाऊ गोष्टीला नाव मात्र घडीभराच्या वस्तूचे. इंग्रजीत बूथच्या बाबतीत हेच उलट्या बाजूने झाले : घडीभराच्या वस्तूचे नाव पक्क्या खोलीवर जाऊन बसले.

मतदान संपते, पुठ्ठ्याचा आडोसा घडी घालून पेटीत जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती खोली पुन्हा वर्ग होते. मेअखेरीस मांडवाचे खांब आणि बांबू उतरवून पुढच्या हंगामासाठी मांगरात नीट रचून ठेवले जातात. निवारा तात्पुरता असतो. तेथे राहणाऱ्या माणसाचा त्यावरील हक्क तात्पुरता नसतो. ‘बूथ’ या लहानशा शब्दाने इतक्या भाषा ओलांडून जपलेला अर्थ तो एवढाच.